गुरांची खानेसुमारी आणि मिथेनचा हिशेब : नागपूर प्रांताच्या पशुगणनेतून उद्भवणारा एक प्रश्न

पशुधनापासून वातावरणात जाणाऱ्या मिथेन वायूचा हिशेब हा विषय सामान्यतः पशुपोषणशास्त्राच्या किंवा रसायनशास्त्राच्या कक्षेत गणला जातो. परंतु त्या हिशेबाची मांडणी पाहिली असता तीत दोनच अंक मुख्य असल्याचे आढळते : जनावरांची संख्या हा एक, आणि दर जनावरामागे वर्षाकाठी निघणाऱ्या वायूचे वजन हा दुसरा. या दोहोंचा गुणाकार म्हणजे देशाचे पशुजन्य उत्सर्जन. यांपैकी दुसरा अंक प्रयोगशाळेतून येतो. पहिला मात्र सरकारी दप्तरातून येतो, आणि ते दप्तर ज्यांनी प्रथम उघडले त्यांच्या मनात वायूचा विचार असणे शक्यच नव्हते. गुरे कोणी मोजली, कशासाठी मोजली आणि मोजताना कोणती गोष्ट विचारलीच गेली नाही, याचा शोध घेतल्यावाचून विकसनशील देशांच्या या हिशेबात दोष कोठून शिरला हे उमगणार नाही. या दृष्टीने जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचे, त्यातही नागपूर भागाचे, उदाहरण विशेष अभ्यासनीय आहे.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात येऊन नागपूर त्याची राजधानी झाली. प्रांतात मालगुजारी पद्धत लागू होती. मालगुजाराकडून किती सारा घ्यावयाचा हे ठरविताना बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यांना गावाची कुवत अजमावावी लागे, आणि कुवतीचे सर्वांत सोपे माप म्हणजे गावातील नांगर व बैलजोड्या. एका जोडीने किती एकर जमीन वाहिली जाते हे ठाऊक असले की गावाच्या शेतीचे बळ कळत असे. १८८० नंतरच्या दशकात बॅम्पफील्ड फुलर यांच्या देखरेखीखाली प्रांतातील पटवाऱ्यांची व्यवस्था नीट लावण्यात आली, आणि १८९० नंतरच्या वर्षांत रेजिनाल्ड क्रॅडॉक यांनी नागपूर जिल्ह्याचा बंदोबस्त केला. १९०८ साली आर. व्ही. रसेल यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या नागपूर जिल्ह्याच्या गॅझेटियरमागे याच कागदांची परंपरा उभी आहे. तेव्हा पटवाऱ्याच्या तक्त्यात बैलाला जे स्थान मिळाले ते नांगराचे इंजिन म्हणून. गाय ही बैलाची माता म्हणून मोजली गेली. दूध हा गौण विषय होता, आणि जनावराचे वजन वा त्याचा आहार हा तर विषयच नव्हता.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातील शेती खचली आणि जनावरांचीही फार हानी झाली. यानंतर गुरांच्या संख्येला आणखी एक अर्थ आला. दुष्काळानंतर शेती पुन्हा उभी राहण्यास किती काळ लागेल हे जगलेल्या बैलांवरून ताडता येई. पण या गणतीला आरंभापासून एक अडचण होती. सरकारी जंगलात गुरे चारण्यासाठी दर जनावरामागे चराईची फी पडत असे, आणि नांगरी गुरे व इतर गुरे यांचे दर वेगवेगळे असत. सरकारी माणसाने गोठ्यातील डोकी मोजू लागावे आणि मालकाने ती मोकळेपणाने मोजू द्यावी, ही अपेक्षा अशा स्थितीत भाबडीच म्हणावी लागेल. गावातील गुरांची खरी संख्या पटवाऱ्यापेक्षा गोवाऱ्याला अधिक ठाऊक असे. सकाळी आखरावर जमणारी गुरे त्याच्या नजरेखालून जात. कोणती गाय भाकड, कोणती गाभण, कोणता बैल म्हातारा होऊन नुसता दावणीला उभा आहे, हे तो तोंडपाठ सांगे. ही माहिती मात्र कोणत्याही दप्तरात चढली नाही.

अखिल भारतीय स्वरूपाची पहिली पशुगणना १९१९-२० च्या हंगामात झाली, आणि पुढे साधारणतः दर पाच वर्षांनी ती होत राहिली. तीत वळू, बैल, गाई, वासरे, रेडे, म्हशी, शेळ्या-मेंढ्या, घोडे, गाढवे यांच्याबरोबर नांगर आणि गाड्याही मोजल्या जात. नांगर आणि म्हैस एकाच तक्त्यात असणे आज विचित्र वाटते. तक्ता कृषिबळाचा आहे हे ध्यानी घेतले म्हणजे त्यातील विचित्रपणा नाहीसा होतो.

या आकड्यांची मालिका वरवर अखंड दिसते. नागपूरच्या बाबतीत ती तशी नाही. १९४५ ची गणना मध्यप्रांत-वऱ्हाडात झाली, १९५१ ची जुन्या मध्यप्रदेशात, १९५६ ची राज्यपुनर्रचनेच्या ऐन तोंडावर, आणि १९६१ ची महाराष्ट्रात. त्याच गोठ्यातील त्याच गाई पंधरा-सोळा वर्षांत तीन राज्यांच्या बेरजांत विभागल्या गेल्या. पुढे चंद्रपुरातून गडचिरोली, अकोल्यातून वाशीम आणि भंडाऱ्यातून गोंदिया हे जिल्हे वेगळे झाले. गणनेचे महिनेही सदैव सारखे नव्हते, आणि ही बाब क्षुल्लक नाही. पावसाळ्यानंतर गोठा भरलेला असतो. वैशाखात चारा संपला की तोच गोठा अर्धा रिकामा होतो. शिवाय काठेवाडी पशुपालक आपले कळप घेऊन विदर्भात येतात व जातात. त्यांची गुरे कोणत्या जिल्ह्याची समजावीत?

आता या संख्येमागील एका अधिक खोल गोष्टीकडे वळले पाहिजे. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली १९२६ साली नेमलेल्या शाही कृषी आयोगाने १९२८ मध्ये अहवाल दिला. गुरांसंबंधी त्यातील विवेचनाचा आशय असा : एखाद्या भागात किती गुरे पाळली जातात हे बैलांच्या गरजेवर अवलंबून असते, चाऱ्याची स्थिती जितकी वाईट तितके चांगले बैल मिळणे कठीण, म्हणून लोक अधिक गाई बाळगतात, गाई वाढल्या की चारा आणखी अपुरा पडतो, त्यांची अंगलट खुरटते, खुरटलेल्या गाईंचे बैल दुबळे निघतात, आणि दुबळ्या बैलांची भरपाई करण्यासाठी पुन्हा संख्या वाढवावी लागते. हे दुष्टचक्र आयोगाने शेतीच्या काळजीने वर्णिले. मिथेनच्या हिशेबाच्या दृष्टीने त्याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे. संख्या आणि देहाचा आकार यांचा संबंध येथे उलटा आहे. जेथे डोकी अधिक तेथे दर डोईचा आहार कमी, आणि आहार कमी म्हणून वायूही कमी. जो गुणाकार दर डोईचे प्रमाण स्थिर धरतो तो अशा देशात नेमका तेथेच अधिक चुकणार, जेथे गुरांची गर्दी सर्वांत दाट आहे. १९२८ च्या अहवालात हे निरीक्षण छापलेले असूनही साठ-सत्तर वर्षांनी हिशेब मांडताना ते जमेस धरले गेले नाही.

केवळ डोक्यांच्या संख्येवरून निष्कर्ष काढण्यातील धोका आणखी एका वादात दिसून आला होता. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांनी १९६६ साली असे प्रतिपादन केले की, भारतातील तथाकथित निरुपयोगी गाय वस्तुतः शेण, बैल आणि दूध यांच्या रूपाने आपले पोट भरून काढते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९६९ मध्ये या मताचा खरपूस समाचार घेतला. वादातील कोणती बाजू बरोबर हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घेण्यासारखे एवढेच की, जनावर काय खाते आणि त्या बदल्यात काय देते याची मोजदाद नसल्यामुळे एकाच पशुगणनेच्या जगात राहून दोन विद्वानांना परस्परविरुद्ध टोके गाठता आली.

मिथेनच्या मोजमापाचा इतिहास दुसऱ्याच वाटेने आला. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पहिल्या पोटात सूक्ष्मजीव गवतातील काष्ठमय भाग कुजवितात. त्या क्रियेत निघालेला हायड्रोजन काही सूक्ष्मजीव मिथेनच्या रूपात बाहेर टाकतात, आणि तो वायू मुख्यतः ढेकरेवाटे बाहेर पडतो. (तो मागच्या बाजूने निघतो हा समज बराच रूढ असला तरी बहुतांशी चुकीचा आहे.) पशुपोषणशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला तो वातावरणाच्या चिंतेने नव्हे. जनावराला दिलेल्या खाद्यातील ऊर्जेचा काही भाग या वायूबरोबर वाया जातो, म्हणजे गोठेवाल्याचे नुकसान होते, ही त्यांची चिंता होती. पेनसिल्व्हेनियात हेन्री आर्म्सबी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आख्खा बैल आत उभा राहील अशी श्वसनकोठी बांधून त्याचा श्वास, उष्णता आणि वायू मोजला. ब्रिटनमध्ये ब्लॅक्स्टर आणि क्लॅपर्टन यांनी १९६५ साली खाद्यावरून मिथेनचे अनुमान करण्याचे समीकरण मांडले. कोठीत उभी राहिलेली जनावरे बहुधा पोटभर मापून खाद्य मिळणारी होती. उन्हाळ्यात तुरीच्या कुटारावर आणि धानाच्या तणशीवर दिवस काढणारी जनावरे त्या कोठीत कधी गेली नव्हती.

हवेतील मिथेन वाढत असल्याचे १९८० नंतर स्पष्ट होऊ लागले, तेव्हा या जुन्या पोषणशास्त्रीय आकड्यांना एकाएकी नवा उपयोग सापडला. पाउल क्रुट्झेन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ साली जगातील पाळीव व वन्य प्राण्यांच्या मिथेनचा अंदाज प्रसिद्ध केला. प्रगत देशांतील गाईबैलांसाठी त्यांनी दर जनावरामागे वर्षाला ५५ किलोग्रॅम आणि विकसनशील देशांतील गाईबैलांसाठी ३५ किलोग्रॅम धरले. दोन जगांतील जनावरे एकसारखी नाहीत ही जाणीव त्यांच्या मांडणीत होती, हे त्यांच्या बाजूने नोंदविले पाहिजे. परंतु विकसनशील जग म्हणून जो एक अंक त्यांनी धरला त्यात अर्जेंटिनाच्या कुरणावरील बैल कोठे आणि भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातील बारकी गाय कोठे, याचा उलगडा होत नव्हता.

हा प्रश्न विद्वानांच्या टिपणांपुरता राहिला असता तर त्याचे महत्त्व मर्यादितच होते. १९९० साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने देशवार उत्सर्जनाची यादी प्रसिद्ध केली आणि तीत भारताला जगात पाचवे स्थान दिले. भातशेती व गुरे यांच्यामुळे होणाऱ्या मिथेनचा त्यात मोठा वाटा होता. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंटचे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये या यादीवर कडाडून हल्ला चढविला. गरिबाच्या गाईचा आणि भाताच्या बांधीचा वायू हा जगण्यासाठी सुटलेला वायू आहे. तो श्रीमंतांच्या मोटारींच्या धुराच्या रांगेत बसविणे अन्यायाचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. हा मुद्दा नीतीचा होता. त्याच सुमारास मोजमापाच्या अंगानेही एक उत्तर तयार होत होते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने भारतीय भातशेतीचे मिथेन वर्षाला ३७.८ दशलक्ष टन असल्याचे अनुमान केले होते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली देशभरच्या बांध्यांत पेट्या ठेवून प्रत्यक्ष मापन झाले, तेव्हा हा अंक सुमारे ४ दशलक्ष टन निघाला. ज्या देशाने स्वतः मोजले नाही त्याच्यावर दुसऱ्याच्या मापाने नऊपट ओझे चढू शकते, हे या एका प्रसंगाने सिद्ध केले. भाताच्या बाबतीत खाचरात पेटी ठेवता येते. गुरांच्या बाबतीत काम इतके सोपे नव्हते.

हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीने १९९६ साली सुधारलेली मार्गदर्शिका काढली. तीत हिशेबाच्या पायऱ्या ठरविण्यात आल्या. पहिल्या पायरीवर जनावरांची संख्या घेऊन तिला समितीने दिलेल्या प्रादेशिक गुणांकाने गुणावयाचे. दुसरीवर जनावराचे वजन, दूध, काम, गर्भ आणि खाद्याची पचनीयता यांवरून त्याचा आहार काढून त्यावरून वायू काढावयाचा. भारतीय उपखंडासाठी समितीने दुभत्या गाईला ४६, इतर गोवर्गाला २५ आणि म्हशीला ५५ किलोग्रॅम असे वार्षिक गुणांक दिले. उत्तर अमेरिकेतील दुभत्या गाईचा गुणांक ११८ होता. उपखंडातील दुभत्या गाईचे नमुन्याचे वजन २७५ किलोग्रॅम आणि दूध वर्षाला ९०० किलोग्रॅम धरले होते. पहिल्या पायरीचा हिशेब एका दुपारात पुरा होतो. ज्या देशांकडे पैसा आणि माणसे नव्हती त्यांनी तीच पायरी धरली, आणि आफ्रिका-आशियातील अनेक देश पुढे कित्येक वर्षे तीवरच उभे राहिले.

भारताने १९९४ हे आधारवर्ष धरून आपला पहिला राष्ट्रीय अहवाल २००४ साली सादर केला, तेव्हा दुसऱ्या पायरीवर चढण्याचा यत्न केला. देशी दुभत्या गाईचा गुणांक २८, संकरित दुभत्या गाईचा ४३ आणि दुभत्या म्हशीचा ५० किलोग्रॅम ठरला. देशी गाईचा अंक समितीच्या अंकाच्या जेमतेम तीन-पंचमांश आहे. या कामात चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेचा भाग होता, हे वाचून प्रथम आश्चर्य वाटते. पण कातड्याच्या पुरवठ्याचा अंदाज घेणाऱ्या संस्थेला गुरांची वये, मृत्यू व आकार यांची माहिती ठेवावीच लागते. बैलाच्या उत्सर्जनाची खबर अशा रीतीने त्याच्या चामड्याच्या वाटेने आली. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००५ साली शुष्क द्रव्याच्या आहारावरून देशातील गुरांच्या मिथेनचा स्वतंत्र अंदाज प्रसिद्ध केला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, २००७ या वर्षाच्या राष्ट्रीय मोजदादीत गुरांच्या पोटातील मिथेन १०.१ दशलक्ष टन दाखविले आहे; ते शेतीक्षेत्राच्या एकूण उत्सर्जनाच्या सुमारे ६३ टक्के भरते. नागपूरच्या नीरी या संस्थेकडे, म्हणजे १९५८ साली स्थापन झालेल्या आणि १९७४ मध्ये राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था असे नाव मिळालेल्या संस्थेकडे, या राष्ट्रीय कामातील कचरा व सांडपाणी यांचा भाग आला. शहराच्या उकिरड्यातील मिथेन नागपुरात मोजले गेले. गोठ्यातील मिथेनचा अंक कर्नाल आणि चेन्नईकडून आला.

देशी गाय म्हणून जो एक कप्पा करण्यात आला त्यात नागपूर भागाची जनावरे कशी बसतात? वर्धा जिल्ह्यातील आर्वी, कारंजा, आष्टी हा गवळाऊ जातीचा मूळ टापू. नागपूर आणि पलीकडे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट येथवर ती पसरली आहे. पांढरी वा करडी, हलक्या अंगाची, चालीला जलद अशी ही जात मराठ्यांच्या स्वाऱ्यांत रसद वाहण्यासाठी उपयोगी पडली अशी परंपरा आहे. प्रौढ गाय सुमारे ३४० किलोग्रॅम भरते, म्हणजे समितीच्या नमुन्याच्या गाईपेक्षा ती जड आहे, आणि दूध मात्र तिचे बेताचेच. त्याच गावात, त्याच आखरावर, जात सांगता न येणारी दोनशे किलोग्रॅमचीही न भरणारी गाय उभी असते. नागपुरी म्हैस ही तलवारीसारख्या लांब, पाठीवर वळलेल्या शिंगांची, उन्हाळा सोसणारी; मुऱ्हा म्हशीपेक्षा अंगाने हलकी. पशुगणनेच्या तक्त्यात दीर्घकाळ गाय ही गाय आणि म्हैस ही म्हैस होती.

आहाराचा फरक हिशेबात किती पडतो हे एका साध्या उदाहरणाने कळेल. एक किलोग्रॅम शुष्क चाऱ्यात सुमारे १८.४५ मेगाजूल ऊर्जा असते. तिच्यापैकी साडेसहा टक्के मिथेनच्या रूपाने जाते असे धरण्याचा प्रघात आहे, आणि एक किलोग्रॅम मिथेनमध्ये ५५.६५ मेगाजूल ऊर्जा असते. यावरून रोज ४ किलोग्रॅम शुष्क चारा खाणारे जनावर वर्षाला सुमारे ३१ किलोग्रॅम मिथेन सोडते. ५ किलोग्रॅम खाणारे ३९, आणि ६ किलोग्रॅम खाणारे ४७. रोजच्या एक-एक किलो कडब्याच्या फरकाने देशाच्या अंकात चौथा हिस्सा इकडचा तिकडे होतो. आणि विदर्भातील जनावर बाराही महिने सारखे खातच नाही. श्रावण-भाद्रपदात पांदणीला व गायरानावर हिरवे गवत असते; मार्गशीर्षानंतर ज्वारीचा कडबा, तूर-हरभऱ्याचे कुटार, पूर्वेकडे तणस; दुभत्या जनावराला सरकीची ढेप. चैत्रापासून मृगापर्यंत जे मिळेल ते. कपाशी आणि सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली तेव्हापासून कडब्याची तूटही वाढली. साडेसहा टक्के हा अंकसुद्धा चारा निकृष्ट असला तर बदलतो. बैलाचे आणखी निराळे : औताच्या दिवसांत त्याला अधिक खावे लागते, आणि पेरणी आटोपली की तो महिनोन्महिने उभाच असतो. वर्षाची सरासरी काढताना बैलाने किती दिवस औत ओढले हे ठाऊक नसेल तर ती सरासरी कसली?

येथे विदर्भाच्याच इतिहासातील एका प्रयोगाची आठवण करणे अगत्याचे आहे. एकेकाळी पिकाचा अंदाज पटवाऱ्याच्या नजरेने, आणेवारीने, होत असे. १९४२-४३ साली विनायक गोविंद पानसे यांनी अकोला जिल्ह्यात कपाशीच्या उत्पादनाचा नमुना-पाहणीने अंदाज घेण्याचा प्रयोग आरंभिला. गावे यदृच्छ पद्धतीने निवडावयाची, त्यांतील शेतेही तशीच, शेतात मोजून तुकडा आखावयाचा आणि त्या तुकड्यातील वेचणी प्रत्यक्ष तोलावयाची. मध्यप्रांताच्या कृषिखात्यातील आर. जे. कळमकर यांचेही नाव या कामाशी निगडित आहे. त्यांनी इंग्लंडमध्ये रॉथॅम्स्टेड येथे शेतप्रयोगांचे संख्याशास्त्र अभ्यासले होते. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत हीच पद्धत अन्नधान्यांच्या पिकांसाठी देशभर रूढ केली. पानसे व सुखात्मे यांचा संख्याशास्त्रावरील संयुक्त ग्रंथ १९५४ साली निघाला आणि कृषिमहाविद्यालयांतून तो पिढ्यान् पिढ्या वापरला गेला. पुढे पानसे यांच्या नेतृत्वाखाली दुधाचे उत्पादन, जनावरांचे खाद्य आणि दुधाचा खर्च यांच्याही नमुना-पाहण्या झाल्या. या पाहण्यांत माणूस गोठ्यात जाऊन दूध मापी आणि चारा तोली.

मिथेनच्या दुसऱ्या पायरीला जे हवे ते मूलतः हेच आहे. सर्व गुरांना श्वसनकोठीत घालण्याची गरज नाही. काही थोडी जनावरे कोठीत वा नळी बांधून मोजली म्हणजे खाद्य आणि वायू यांचे नाते कळते. १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत जनावराच्या पोटात सल्फर हेक्झाफ्लुओराइडची कुपी ठेवून चरत्या जनावराचाही वायू मोजता येऊ लागला. उरलेले काम खेड्यातले आहे : यदृच्छ निवडलेल्या गावांत, वर्षाच्या तिन्ही ऋतूंत, जनावराच्या छातीचा घेर फितीने मोजून वजन काढणे, दावणीत टाकलेला व उरलेला चारा तोलणे, औताचे दिवस मालकाला विचारून लिहिणे. पानसे यांच्या पाहणीत कपाशीच्या जागी कडबा घातला की झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. चरावयास गेलेल्या गुराने पांदणीला किती खाल्ले हे तागडीने कळत नाही. तरी पण पद्धतीची बैठक परकी नाही, आणि ती प्रथम ज्या जिल्ह्यांत बसविली गेली त्यांतलाच एक अकोला आहे. १९५८ साली नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय निघाले; महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय २००० साली येथेच झाले. मृदासर्वेक्षण आणि कापूस यांच्या राष्ट्रीय संस्था शहरात आहेत. माणसे आणि ज्ञान यांची येथे वाण नाही.

शेणाच्या बाबतीत मात्र परदेशी गुणांकांची चूक वेगळ्या दिशेची असू शकते. युरोप-अमेरिकेच्या गोठ्यांत शेण पाण्याबरोबर वाहून खोल टाक्यांत साठते. हवा न मिळाल्याने तेथे मिथेन भरपूर तयार होते. नागपूरची हवा उष्ण आहे म्हणून येथे वायू अधिक निघेल असे कोरड्या तर्काने वाटते. परंतु येथील शेण उन्हात वाळते, त्याच्या गोवऱ्या थापल्या जातात, उरलेले उकिरड्यावर जाते. २००७ च्या राष्ट्रीय मोजदादीत शेणाच्या व्यवस्थापनातून निघणारे मिथेन अवघे ०.१२ दशलक्ष टन आहे. जी गोवरी चुलीत जळते तिचा धूर समितीच्या नियमाप्रमाणे इंधनाच्या खात्यात जातो. गोवरी किती आणि खत किती याचे प्रमाण गावागणिक, घरागणिक बदलते. गॅसची शेगडी आल्यापासून ते पुन्हा बदलले आहे.

या सर्वांत व्यवहाराचा प्रश्न असा की, दर डोईचा अंक स्थिर धरला असता सुधारणा कागदावर दिसूच शकत नाही. समजा, काटोल वा आर्वी तालुक्यातील शेतकऱ्यांनी कडब्याची कुट्टी करून, ढेप घालून दुभत्या जनावरांचे दूध वाढविले आणि भाकड काळ कमी केला. दर लिटर दुधामागे मिथेन निश्चित घटेल. पहिल्या पायरीच्या हिशेबात मात्र गाई तेवढ्याच, म्हणून वायूही तेवढाच. तेथे वायू घटवावयाचा एकच मार्ग उरतो, गुरे घटविणे. आणि ज्याच्या शेताला बैलजोडी हेच भांडवल आहे त्याला हा मार्ग सुचविणे म्हणजे त्याची शेतीच बंद करावयास सांगणे होय. बैल गेला आणि ट्रॅक्टर आला तर डिझेलचा धूर दुसऱ्या खात्यात चढतो. गुरांच्या खात्यात तेवढी बचत झाल्याचा भास होतो. २०१५ च्या पॅरिस करारानंतर प्रत्येक देशाने आपल्या उत्सर्जनाचा पारदर्शक हिशेब ठराविक काळाने देण्याचे बंधन आले. भारताने डिसेंबर २०२३ मध्ये तिसरा राष्ट्रीय अहवाल सादर केला. २०२१ साली ग्लासगो येथे झालेल्या मिथेनविषयक प्रतिज्ञेवर मात्र त्याने सही केली नाही. लहान शेतकऱ्याच्या गुरांचा प्रश्न त्या नकारामागे होता, हे उघड आहे. नकाराला बळ यावयाचे तर ते स्वतः मोजलेल्या अंकांनीच येईल.

जनावरांची घडणही झपाट्याने पालटत आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात १९.२५ कोटी गोवर्ग आणि १०.९८ कोटी म्हैसवर्ग आढळला. २०१२ च्या मानाने देशी गोवर्ग सुमारे ६ टक्क्यांनी घटला, संकरित व विदेशी गोवर्ग सुमारे २७ टक्क्यांनी वाढला, आणि नर गोवर्ग तर ३० टक्क्यांनी खाली आला. ज्या बैलासाठी पटवाऱ्याने प्रथम तक्ता आखला तोच तक्त्यातून निघून चालला आहे. १९९४ चे आधारवर्ष धरून काढलेले गुणांक या नव्या कळपाला जसेच्या तसे लावणे आता धोक्याचे आहे. संकरित गाईचे वजन, दूध आणि खाद्य हे सर्वच पंचवीस वर्षांत बदलले.

विसाव्या गणनेत गणनाकारांच्या हाती प्रथमच टॅब्लेट देण्यात आला आणि जनावरांची नोंद जातवार झाली. गवळाऊ आणि नागपुरी यांना स्वतःचे रकाने मिळाले. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी एकविसाव्या गणनेचा आरंभ झाला. तीत फिरत्या पशुपालकांच्या कळपांची वेगळी नोंद करण्याचे प्रथमच ठरले, त्यामुळे काठेवाड्यांच्या गुरांचा जुना प्रश्न निदान विचारला तरी गेला. छातीचा घेर आणि रोजचा चारा यांना त्या तक्त्यातही रकाना नाही.